लोणा, चुना आणि वसईचा खारा वारा

वसईला एका दिवसासाठी जायचे तर लोकलच्या वेळापत्रकाआधी वाऱ्याचे वेळापत्रक बघावे. खारे वारे आणि मतलई वारे हा भूगोलाचा धडा आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेला असतो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा तिच्या जागी आत शिरते, हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, समुद्राकडे वाहू लागतो, तो मतलई. वसईत हा धडा अंगावर घेता येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत वारा जमिनीकडून येतो, कोरडा आणि हलका. मग तासभर पानही हलत नाही. अकरा-बाराच्या सुमारास नारळाच्या झावळ्या पूर्वेकडे झुकायला लागल्या की समजावे, वारा फिरला. दुपारी दोन ते पाच हा त्याचा भर असतो आणि सूर्य बुडाला की तासाभरात तो पडतो.

म्हणून क्रम असा ठेवावा: सकाळी किल्ला, बाराच्या आत गावांतली चर्च आणि दुपारनंतर किनारा. उलटे केले की तिन्ही ठिकाणी फसगत होते. सकाळच्या किनाऱ्यावर वाराच नसतो. भर दुपारी किल्ल्यात सावली मिळत नाही, कारण तिथल्या बहुतेक मोठ्या चर्चना आता छप्पर उरलेले नाही. आणि गावांतली चर्च बहुधा दुपारी बारा ते चार बंद असतात. रविवार सकाळ टाळावी. तेव्हा मिस्सा चालू असते, लोक प्रार्थनेला आलेले असतात आणि कोनाडे-कमानी बघत फिरणे शोभत नाही. शनिवार सगळ्यात सोयीचा.

वसईची ही चर्च प्रांतिक, म्हणजे मुख्य शहराबाहेरची, आणि तीही अगदी शब्दशः. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दीव-दमणपासून चौलपर्यंतचा त्यांचा मुलूख उत्तर प्रांत म्हणून ओळखला जाऊ लागला आणि वसई त्याची राजधानी झाली. गोवा हे तख्त आणि वसई हा प्रांत. पण या प्रांताने तख्ताला दगड पुरवला, ही गोष्ट पर्यटकांना फारशी कुणी सांगत नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचा दर्शनी भाग नीट पाहिला तर तिथे दोन दगड दिसतात. मोठा पसारा तांबड्या जांभ्याचा आहे आणि खांब, चौकटी, नक्षी ही काळ्या बेसॉल्टची. जांभा सच्छिद्र आणि भुसभुशीत. त्यात बारीक पाकळी कोरायला गेले की कड तुटते. छिन्नीला नीट उत्तर देणारा बेसॉल्ट त्या कोरीव कामासाठी वसईकडून जहाजांनी गोव्याला गेला. वसईला जाण्याआधी ज्यांनी बॉम जेझू पाहिले असेल त्यांनी ते काळे खांब आठवणीत ठेवूनच किल्ल्यात शिरावे.

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेकडून किल्ला सहा-सात किलोमीटर. बस आणि शेअर रिक्षा दोन्ही मिळतात. भाईंदरहून खाडीतून येणारी रो-रो बोट २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. वेळ जुळत असेल तर तिनेच यावे, कारण हे शहर पाण्याकडून बघण्यासाठी बांधलेले होते. किल्ल्याला दोन मुख्य दरवाजे आहेत, जमिनीकडचा आणि दर्या दरवाजा. जमिनीकडच्या दरवाजातून आत शिरले की वाट लगेच वळते, समोर दुसरा दरवाजा येतो. धावत येणाऱ्या हत्तीला किंवा फौजेला वेग घेता येऊ नये यासाठी हे वळण. चिमाजी अप्पांच्या फौजेने हा किल्ला १७३९ मध्ये फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत झुंजून घेतला. तटाखाली सुरुंग लावून तो उडवावा लागला, मग १६ मे रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. तो इतिहास मराठी माणसाला तोंडपाठ असतो, तेव्हा इथे थांबत नाही. किल्ल्यात चिमाजी अप्पांचे स्मारक आहे, नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे देऊळ आहे, तिथे मात्र जरूर जावे. पडक्या चर्चइतकीच तीही या जागेची माणसे सांगतात.

पडक्या चर्चकडे येताना मनात एक समजूत असते, ती आधी बाजूला ठेवायला हवी. ही चर्च लढाईत पडली असे सरसकट सांगितले जाते. तोफगोळ्यांनी आणि सुरुंगांनी नासधूस झाली यात शंका नाही, आणि पुढे दगड उचलूनही नेले गेले. पण इतकी जाड भिंत गोळ्याने भोकसते, भुगा होत नाही. भुगा होतो तो पावसाने आणि मिठाने, आणि त्याला सुरुवात होते छपरापासून. एक कौल सरकते. त्या फटीतून पाणी वाशाच्या टोकाला लागते. भिंतीत खोचलेले वाशाचे टोक सगळ्यात आधी कुजते, कारण तिथे वाळायला हवा नसते. वासे खचले की आढे झुकते, आढे गेले की पाखे, म्हणजे छपराचा उतार, आत कोसळते. आता भिंतीचा माथा उघडा पडला. अशा भिंतीला आत आणि बाहेर घडीव किंवा निवडक दगड असतात, मध्ये मात्र चुन्यात घातलेली खडी असते. उघड्या माथ्यातून दर पावसाळ्यात पाणी त्या पोटात शिरते, चुना विरघळवून खाली आणते. जागा मोकळी झाली की पाखरांनी टाकलेले पिंपळाचे नाहीतर उंबराचे बी तिथे रुजते. मूळ आधी केसासारखे असते, मग मनगटाएवढे होते आणि भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून फाकवते. किल्ल्यात फिरताना ही प्रत्येक पायरी कुठे ना कुठे उघडी दिसते, फक्त कोणत्या क्रमाने बघायचे ते माहीत हवे.

वारा छपरे उडवू शकतो हे या शहराने भरभराटीच्या काळातच अनुभवले होते. १६१८ च्या मे महिन्यात वसईवर मोठे चक्रीवादळ आले. हजारो माड उन्मळून पडले, समुद्राचे पाणी आत घुसले आणि शहरातल्या मोठ्या चर्चची छपरे उचलली गेली. उचलली हाच शब्द बरोबर आहे. वारा छपराला दाबत नाही, वर खेचतो. उतरत्या पाख्यावरून वारा जोराने पलीकडे जाताना पलीकडच्या बाजूला हवेचा दाब उतरतो आणि आतली हवा कौलांना खालून ढकलते. म्हणून कोकणात आढ्यावरची आणि पागोळीजवळची कौले चुन्यात बसवायची जुनी रीत आहे. १६१८ मध्ये ती छपरे पुन्हा घालणारे लोक, पैसा आणि सागवान होते. १७३९ नंतर ते कुणीच उरले नाही.

सेंट जोसेफचे चर्च, म्हणजे इथले मुख्य चर्च, त्याच्या उंच मनोऱ्यावरून लांबूनच कळते. दारावरच्या शिलालेखात १६०१ हे साल आणि आर्चबिशप आलेइशो द मिनेझिस यांचे नाव आहे. मनोऱ्यात दगडी गोल जिना आहे. तो कधी उघडा असतो, कधी बंद. उघडा असला तरी पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर महिनाभर चढू नये. पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्या आहेत, तिथे शेवाळ धरते आणि वरून उतरताना टाच सुटते. फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती साधुसंघाच्या चर्चमध्ये फरशीकडे बघत चालावे, कारण फरशी म्हणजेच थडगी आहेत. नावे, साले आणि घराण्यांची चिन्हे कोरलेले दगड पायाखाली येतात. जिथे छप्पर आधी गेले तिथली अक्षरे पुसट झाली आहेत, कमानीखालची अजून वाचता येतात. छप्पर काय करते हे दोन पावलांच्या अंतरावर दिसते.

पण एकच चर्च सावकाश बघायला वेळ असेल तर जेझुइट या दुसऱ्या साधुसंघाचे बघावे. त्याचा दर्शनी भाग अजून बराच शाबूत आहे. अर्धवर्तुळाकार कमानीचे दार, दोन्ही बाजूंना उभ्या पन्हळी कोरलेले खांब, वर कोरिंथी पद्धतीचे पानांचे शीर्ष आणि दगडी चौकोनांत येशूच्या नावाची तीन अक्षरे. संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. १५५६ च्या सुमारास जन्म, जेझुइटांकडे शिक्षण, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला त्यांना क्रूसावर चढवले. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. भारतात जन्मलेले पहिले संत ते हेच. आज वसईकर या चर्चला त्यांच्याच नावाने ओळखतात.

आता कुठलीही एक भिंत निवडावी आणि हातभर अंतरावर जाऊन उभे राहावे. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, काही ठिकाणी कमरेपर्यंत, एक पट्टा वेगळा दिसतो. तिथे दगडाची कातडी निघालेली असते, बोट फिरवले की पीठ हाताला लागते. डिसेंबर-जानेवारीत या पट्ट्यावर पांढरी लव दिसते. हा लोणा. पावसाळ्यात जमिनीतले पाणी भिंतीत वर चढते, सोबत विरघळलेले मीठ घेऊन. वरून खारा वारा आणखी मीठ आणून लावतो. पावसाळाभर काही दिसत नाही, कारण मीठ पाण्यातच असते. हवा कोरडी झाली की पाणी भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन उडून जाते आणि मीठ तिथेच मागे राहते. मिठाचा खडा वाढायला जागा मागतो. दगडाच्या बारीक छिद्रात ती जागा नसते, म्हणून तो दगडाचा कण बाहेर ढकलतो. एका हिवाळ्यात एक नखभर थर जातो असेही नाही, त्याहून कितीतरी कमी जातो. पण असे पावणेतीनशेहून जास्त हिवाळे झाले. लोणा हाताने किंवा ब्रशने सुका झाडायचा असतो. पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा भिंतीतच शिरतो, आणि ही चूक घरोघरी होते.

जुन्या गवंड्यांना हे सगळे ठाऊक होते, आणि त्यांनी त्यावर काढलेला उपाय मला या किल्ल्यातल्या कोणत्याही कमानीहून मोठा वाटतो. भिंतीवर चुन्याचा गिलावा द्यायचा आणि त्यावर चुन्याची सफेदी. चुना मऊ आणि सच्छिद्र असतो. ओल त्यातून सहज बाहेर पडते, मीठ गिलाव्यात येऊन साचते आणि फुटायचा तो गिलावा फुटतो. दगड वाचतो. पाच-दहा वर्षांनी खराब गिलावा खरवडून नवा घातला की काम झाले. गिलावा मरण्यासाठीच लावलेला असतो. छप्पर गेले, सफेदी थांबली, गिलावा गळून पडला, आणि त्यानंतर मिठाने दगड खायला घेतला.

सिमेंटने हे गणित उलटते. दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरल्या की त्या दगडापेक्षा कडक आणि घट्ट होतात. ओलीला सांध्यातून वाट मिळत नाही, ती दगडातून बाहेर येते आणि मीठ दगडात साचते. काही वर्षांनी दगड आत गेलेला आणि सिमेंटची दर्ज शिरेसारखी बाहेर आलेली दिसते, जणू रिकाम्या पोळ्याच्या कडा. वसईच नव्हे, कोकणातल्या कोणत्याही जुन्या वाड्याला, देवळाला, चर्चला ही एक खूण लावून बघावी. दर्ज झिजलेली आणि दगड शाबूत असेल तर दुरुस्ती बरोबर झाली आहे. दगड झिजलेला आणि दर्ज शाबूत असेल तर ती भिंत औषधानेच आजारी पडली आहे.

दहा-साडेदहाला किल्ल्यातून निघावे. पुढची चर्च एका दिवसात सगळी होत नाहीत, आणि करायची गरजही नाही. रमेदी, पापडी, सांडोर, निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशी ओळ किल्ल्यापासून उत्तरेकडे गेली आहे. पापडीचे चर्च आता वसई धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे. हा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला. दोन निवडायची तर पापडी आणि नंदाखाल निवडावीत. तिसरे जमले तर निर्मळ, कारण तिथे तलाव आहे, शंकराचार्यांच्या समाधीचे मंदिर आहे, कार्तिकात मोठी जत्रा भरते आणि त्याच गावात होली क्रॉस चर्चही आहे.

यांतली बरीच चर्च किल्ल्यातल्या चर्चच्याच वयाची. नंदाखालच्या चर्चची स्थापना १५७३ ची. म्हणजे सेंट जोसेफवरच्या शिलालेखाच्याही आधीची. एकाच शतकातली, एकाच वाऱ्यातली, एकाच पावसातली. किल्ल्यातली भुईसपाट होत चालली आणि ही उभी आहेत. मध्ये वाढवलेली, काही नव्याने बांधलेली, छपरे बदललेली, हे खरे. जुन्या वास्तूंच्या अभ्यासकाला ते खटकते. पण १७३९ नंतर युरोपीय पाद्री निघून गेले, शरणागतीच्या कराराने मोजकीच चर्च चालू ठेवायची मुभा मिळाली, गोव्याहून आलेल्या देशी पाद्र्यांनी त्या काळात ही गावे धरून ठेवली. राज्यकर्ते चारदा बदलले तरी कुणीतरी दरवर्षी पावसाळ्याआधी कौले चाळली आणि नाताळाआधी सफेदी केली. यात भव्य काही नाही, पण चर्च टिकले ते त्यामुळे.

सफेदी म्हणजे भिंतीवर पांढरे काहीतरी फासणे नव्हे. पूर्वी शिंपल्यांचा चुना भट्टीत भाजून घेत. तो पाण्यात विरवायचा, निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा, जितका जुना तितका चांगला. मग कापडातून गाळून दुधाइतका पातळ करायचा आणि धरून राहावा म्हणून डिंकाचे पाणी किंवा सरस घालायचा. भिंत आधी ओली करून घ्यायची. पहिला हात दिल्यावर काहीच दिसत नाही. ओला चुना पारदर्शक असतो, वाळता वाळता पांढरा होतो. नवखा माणूस इथेच चुकतो, दिसत नाही म्हणून जाड लावतो, आणि जाड थर भेगाळून सुटतो. तीन पातळ हात, प्रत्येकाच्या मध्ये एक दिवस. भर उन्हात लावला तर पटकन सुकतो, आणि हवेशी मिळून दगड व्हायच्या आधीच सुकल्यामुळे हाताला पावडर लागते. म्हणून सकाळची वेळ, सावलीतली बाजू आधी. आज सोयीसाठी प्लास्टिक रंग लावतात. तो पहिल्या वर्षी झगझगीत दिसतो, दुसऱ्या पावसाळ्यात खालून फुगतो, आणि पोपडा काढून बघितले तर मागे तीच पांढरी लव. पैसे जास्त, आयुष्य कमी. चर्चचे काम बघणाऱ्या मंडळींनी निदान जुन्या जाड भिंतींपुरता तरी चुना परत आणावा, असे मनापासून वाटते.

मोठ्या चर्चइतकेच लक्ष रस्त्याकडेच्या क्रूसांकडे द्यावे. वसईत आळीआळीला एक क्रूस असतो, पायरी-दोन पायऱ्यांच्या ओट्यावर, सफेदी केलेला, झेंडूची माळ घातलेला. त्याची देखभाल आळी करते. इथले कुपारी हे ख्रिस्ती लोक घरात सामवेदी बोलतात, तिलाच कादोडीही म्हणतात. कुपारी हा शब्दच पोर्तुगीज कोंपाद्रे या नात्याच्या शब्दावरून आला आहे. चर्चमधली प्रार्थना मात्र स्वच्छ मराठीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकापासून, लॅटिनची जागा मराठीने घेतली आणि त्यातून इथे मराठी लेखक-वाचकांची मोठी पिढी तयार झाली. उस्मानाबादच्या २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याच नंदाखालचे. चर्च उघडे असेल तर मागच्या बाकावर दोन मिनिटे बसावे. कुणी काही विचारत नाही. फोटो काढायचा तर आधी विचारावे, वेदीजवळ जाऊ नये.

नंदाखालहून किनाऱ्याकडे जाणारा रस्ता वाड्यांमधून जातो. केळी, पानवेली, भाजी, फुले, आणि मध्ये मध्ये बावखले. बावखल म्हणजे वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि खालून आत सरकणाऱ्या खाऱ्या पाण्याला मागे रेटते. एक बावखल बुजवले की आसपासच्या विहिरी मचूळ व्हायला लागतात. बांधकामांसाठी ती बुजवली जातात, हे या भागाचे खरे दुखणे आहे. वारा इथे पोहोचलेला असतो. केळीच्या पानांच्या पट्ट्या झालेल्या दिसतात. पान फाटते म्हणून झाड वाचते, अख्खे पान शिडासारखे वारा धरेल आणि खोड मोडेल. समुद्राकडच्या बाजूची पाने कडेला तांबूस करपलेली असतात, तेही मीठच. आगाशीत सुकेळी घ्यावीत. राजेळी केळी पूर्ण पिकवून, सोलून, आठवडाभर उन्हात उलटीपालटी करून वाळवतात. फेब्रुवारीनंतर ऊन तापले की त्यांचा हंगाम. चांगले सुकेळे मधाच्या रंगाचे असते आणि दाबले तर लवते. काळे आणि कडक असेल ते जुने समजावे.

किनाऱ्यांत भुईगाव, राजोडी, कळंब, नवापूर, अर्नाळा अशी निवड आहे. भुईगावात अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये सापडला. जवळचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, तिथला स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उघडला. पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षे आधी, ठाण्यात १३२१ साली मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन साधूंचे देह जॉर्डन नावाच्या साधूने याच सोपाऱ्यात आणून पुरले होते. हा किनारा फार जुन्या वहिवाटीचा आहे. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर असल्याने होडी लागते, त्याला वेगळा दिवस ठेवावा.

भरती-ओहोटी बघायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करावी, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पौर्णिमा-अमावास्येनंतर प्रतिपदेपासून पुन्हा मोजायला लागायचे. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. दुपारी चार-पाचला लांबवर चालायचे असेल तर त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या हे दिवस निवडावेत. तेव्हा ओहोटी नेमकी त्या वेळी येते आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणीही खूप मागे जाते. चतुर्थीला त्याच वेळी गेलात तर समुद्र जवळ जवळ सुरूच्या झाडांपर्यंत आलेला असेल. अष्टमीला भांग असतो, पाणी ना फार पुढे येते ना फार मागे जाते. उधाणाला इथे पाण्याच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. पहिल्या तासात पाणी बारावा हिस्साच चढते, त्यामुळे काही होत नाही असे वाटते. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र निम्मे पाणी येते. किनारा सपाट असल्याने ते पाय भिजवत नाही, मागून वळसा घालून येते. म्हणून ओहोटी संपली की अर्ध्या तासात परत फिरावे.

गाडी वाळूत घालू नये. वरची वाळू वाऱ्याने वाळून टणक दिसते, खाली पाण्याने भरलेला मऊ थर असतो. चाक कवच फोडून आत गेले की फिरवाल तितके रुतते, आणि भरती वेळेवर येते. पाण्यात उतरायचे तर गुडघ्याच्या वर जाऊ नये, जून ते सप्टेंबर अजिबात नाही.

वाऱ्याचा वेग ताशी वीसेक किलोमीटरच्या वर गेला की सुकी वाळू चालू लागते. कण उडत नाहीत, उड्या मारतात, आणि त्या उड्या बहुतेक गुडघ्याच्या खालीच राहतात. म्हणून उभे असताना काही जाणवत नाही आणि बसले की डब्यात, डोळ्यांत, कानात वाळू. बसायचे असेल तर सुरूच्या रांगेमागे बसावे. भिंतीपेक्षा झाडांची रांग चांगली. भिंत वारा अडवते, पण तो वरून येऊन मागे भोवरा करतो. सुरूच्या सुया वाऱ्याला गाळून सोडतात, त्याचा जोर कमी होतो आणि झाडाच्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. कॅमेऱ्यावर, चष्म्यावर मिठाचा थर बसतो. तो कोरड्या रुमालाने पुसला तर ओरखडे येतात, आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेले कापड वापरावे.

कोळीवाड्याच्या बाजूला बोंबलांच्या वलांडी असतात, बांबूच्या उभ्या मांडणीवर दोऱ्या आणि दोऱ्यांवर बोंबील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. गाठ नाही, खिळा नाही, त्यांचे स्वतःचे दातच त्यांना धरून ठेवतात. सगळ्या शेपट्या एका बाजूला वळलेल्या असतात, वारा कुठून येतो हे विचारावे लागत नाही. तीन-चार दिवसांत ते कडक होतात. मध्येच आभाळ आले की पिवळे पडतात, अवकाळी पाऊस झाला तर सगळा घाणा फेकावा लागतो.

दुपारभर किनाऱ्यावर गावातल्या चर्चची घंटा ऐकू येत नाही. अंतर फार नसते, पण वारा समुद्राकडून गावाकडे वाहत असतो आणि वाऱ्याविरुद्ध जाणारा आवाज वर वळून डोक्यावरून निघून जातो. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा तर १७३९ मध्येच विजयाच्या खुणा म्हणून घाटावर गेल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक, तिच्यावर बाळ घेतलेल्या मरियेची आकृती अजून स्पष्ट दिसते. पण गावांतल्या घंटा जागेवर आहेत. सूर्य बुडाल्यावर वारा पडतो, सुरूंची सळसळ थांबते, वलांडीवरच्या शेपट्या सरळ खाली लोंबू लागतात. सातच्या सुमारास, माणसे चपला झटकून रिक्षाकडे वळतात तेव्हा, वाड्यांच्या पलीकडून संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा पाण्यापर्यंत येते.